रांगोळीतला तेलाचा डाग

सकाळी अंगण झाडून, सडा घालून तुम्ही रांगोळीला बसावं आणि नेमक्या ठिपक्यांच्या मधोमध तेलाचा काळाकुळकुळीत ओघळ यावा, असं तुमच्या दारी कधी झालंय का? माझ्या दारी वर्षभर रोज होत होतं. कालचा डाग राख टाकून, धुण्याच्या सोड्यानं घासून काढावा, तर आज नवा हजर! डाग कुणाचा म्हणाल, तर आमच्या पद्मिनीचा. पद्मिनी म्हणजे घरातली कुणी नणंद-जाऊ नव्हे बरं का, मामंजींची फियाट मोटार. ती उभी असते अंगणाच्या कडेला तुळशीपलीकडे, पण अंगणाला उतार आहे. त्यामुळे तेल गळायचं तिथे आणि दिसायचं माझ्या उंबऱ्यासमोर.

या गाडीचं काय करायचं, ह्यावरून आमच्या घरात जे रामायण झालं, ते तुम्हांला सांगावंसं वाटतं. इंजिनाची पॅकिंगं हा काही बायकांच्या मासिक-साप्ताहिकातला विषय नव्हे, हे मला कळतं. पण दर दोन वर्षांनी कुकरची रिंग बदलणाऱ्या बाईला तो अगदीच परका नाही, हेही मला आता कळलंय.

आधी गाडीची ओळख करून देते. मामंजींनी ती १९९१ साली अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. बांधणी १९८७ची. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचा कारखाना होता, तिथली. कंपनी काढली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली. गाडी मुळात इटलीच्या फियाटची. इथे १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ म्हणू लागले, चितोडच्या राणीवरून. पण रिसोडला तिला पद्मिनी फक्त मामंजी म्हणत, बाकी गाव ‘गुरुजींची फियाट’च म्हणायचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही सिनेमात तरी पाहिलीच असेल, तीच ही. त्यांतली शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. ती बातमी मामंजींनी मला दोनदा वाचून दाखवायला लावली आणि मग चष्मा पुसत म्हणाले, “आपली आहे अजून.” त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले.

मी लग्न होऊन आले तेव्हा सायकलखेरीज काही चालवलं नव्हतं. मामंजींनी मला शेजारी बसवून ही गाडी शिकवली. हिचा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या बगलेत दांडा असतो. पहिले आठ दिवस मी गिअर टाकायला गेले की हॉर्न वाजे. लोणारच्या रस्त्यावर पहाटे आमची शिकवणी चाले. वाशीमला नेऊन परीक्षा द्यायला लावली, परवाना हाती ठेवला आणि म्हणाले, “सूनबाई, बी.ए.च्या सर्टिफिकेटाशेजारी हा ठेव.” तो मी खरंच तिथेच ठेवला आणि विसरले. गाडी चालवायची ती त्यांनीच.

ते गेल्यावर गाडी उभी राहिली. ह्यांची मोटारसायकल बरी, दुकानाला ती पुरते. फक्त दर रविवारी सकाळी, मामंजींच्या फोटोला हार घातला की हे गाडीत बसायचे, चोक ओढून ती चालू करायचे, पाच मिनिटं तशीच घरघरू द्यायचे आणि बंद करायचे. सासूबाई तेवढा वेळ ओसरीवर येऊन बसत. कुणी काही बोलत नसे. मला तो कुळाचारातलाच एक भाग वाटायला लागला होता.

आणि मग गळती सुरू झाली. आधी एक-दोन थेंब, मग वाटीभर डाग, मग ओघळ. हे एका रविवारी गाडी घेऊन शेजारच्या मोठ्या गावातल्या एका गॅरेजात गेले. संध्याकाळी परतले ते तोंड उतरवून. गॅरेजवाल्यानं इंजिनावरचं तेल भरायचं झाकण उघडून आतला भाग बोटानं दाखवला होता. दुधाळ, पिवळट, लोण्यासारखा थर. “पाणी तेलात मिसळलंय, हेड गॅस्केट गेलं. इंजिन उतरवून सगळी पॅकिंगं, सगळी सिलं बदला, चोवीस-पंचवीस हजार धरा. नाहीतर भंगारात द्या, आत्ता थोडेफार तरी येतील.”

आता पंचवीस हजार हा आकडा ऐकताच माझ्या पोटात गोळा का आला, ते तुम्ही ओळखलं असेल. तेवढेच पैसे घरात होते आणि ते माझे होते. मी इथल्या एका शाळेत तासिकांवर मराठी आणि इतिहास शिकवते. तासांचे पैसे महिन्याला हातात येत नाहीत, साचून येतात आणि आले की मी ते वेगळ्या खात्यात टाकते, बी.एड.साठी. बी.एड. नसेल तर आयुष्यभर तासिकाच मोजायच्या. पूर्वी एका वर्षात व्हायचं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. म्हणजे फीही दोन वर्षांची. पस्तिशी ओलांडली की हा विचार रात्री जागं ठेवतो.

ह्यांनी पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर बरं, मी भांडले तरी असते! हे फक्त म्हणाले, “बघू. विकूनच टाकू.” आणि पुढच्या रविवारी गाडीत बसले ते पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं बसून राहिले, इंजिन बंद करूनसुद्धा. नवऱ्याचं असं गप्प बसणं म्हणजे काय, ते मी तुम्हांला सांगायला नको. मी चिडले, “विका नाहीतर नीट करा, पण असं तोंड घेऊन हिंडू नका,” म्हणाले. त्यावर हे, “तुझे पैसे मी मागितले का?” दोन दिवस आम्ही मुलीच्या मार्फत बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या कुकरची शिटी होईना. वाफ सगळी कडेनं फुसफुसायला लागली. रिंग गेली म्हणून मी नवी काढली, घातली, तरी तेच. मग झाकण उजेडासमोर धरलं, तर शिटीखालचं भोक डाळीच्या फेसानं बुजलेलं. सुईनं मोकळं केलं आणि जुनीच रिंग परत लावली, तीन शिट्ट्या झाल्या. तिथे ओट्यापाशी उभी असताना मनात आलं, गाडीचं तेल कुठून गळतंय, हे त्या गॅरेजवाल्यानं पाहिलं तरी का? त्यानं झाकण पाहिलं, पंचवीस हजार म्हटलं आणि आम्ही दोघांनी मान डोलावली.

गावात बस स्टँडच्या पलीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, मामंजींच्या वेळचे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी काम कमी केलंय. मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हणाले, “येतो जी वहिनी, पण आधी तुम्ही एक काम करा. इंजिन गार असताना डिझेल लावून ब्रशनं घासा, कपड्यानं पुसून कोरडं करा. मंग त्याच्यावर पावडर भुरभुरा, तोंडाला लावता ते. थोडी चालवा अन् पाहा. वल्लं वरून कुठून सुरू होऊन राह्यलं, तेवढं पाहा. खालचं पाहू नका.”

खालचं पाहू नका, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आमच्या स्लॅबचं पावसाळ्यात असंच होतं. भेग असते गच्चीच्या एका कोपऱ्यात आणि पाणी टपकतं देवघरावर. तेलही तसंच, वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून खाली येतं, सगळ्यांत खालच्या टोकाशी थेंब धरतं आणि आपण त्या टोकालाच दोष देतो.

मी शनिवारी दुपारी पदर खोचून बसले. दोन तास घासलं. आमच्या समोरच्या घरच्या काकू कुंपणाशी येऊन विचारून गेल्या, “काय गं, सत्यनारायण आहे का उद्या?” पावडर टाकल्यावर इंजिन बारशाच्या बाळासारखं दिसायला लागलं. ह्यांनी गाडी चालू केली, या खेपेला चांगली वीस मिनिटं. मी विजेरी घेऊन वाकून पाहत होते. पांढऱ्या पावडरीवर पहिली काळी रेघ उमटली ती अगदी वर, टॅपेट कव्हरच्या कडेला. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं पत्र्याचं झाकण. दुसरी ओल खाली चेंबरच्या जोडाशी, म्हणजे ज्यात तेल साठतं त्या तळाच्या परातीशी. आणि तिसरी मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे. मामंजींनी शिकवलेली शर्थीची वही काढली आणि तिन्ही जागा लिहून ठेवल्या. हेड जिथे बसतं त्या जोडावर पावडर कोरडी ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल काळं होतं, पण स्वच्छ, दुधाळ नाही. मग रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडलं, पाणी काठोकाठ. (गरम असताना हे झाकण कधीही उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. कुकरचं झाकण आपण उघडत नाही, तसंच.) झाकण काढूनच गाडी चालू केली आणि पाण्यात बुडबुडे येताहेत का ते बघत उभे राहिले. हेड गॅस्केट आतून फुटलं असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो, आधणासारखे बुडबुडे सतत येत राहतात, पाणी कमी होत जातं, धुराड्यातून पांढरा धूर निघतो. यातलं काही नव्हतं.

“मग झाकणातलं ते लोण्यासारखं?” ह्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि जरा वेळानं म्हणाले, “किती वेळ चालू ठेवता जी दर रविवारी?”

“पाच मिनिटं.”

“तेच तं.”

मैत्रिणींनो, तो क्षण मी विसरणार नाही. पेट्रोल जळताना थोडं पाणी वाफेच्या रूपानं तयार होतंच. गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळाली की इंजिन पुरतं तापतं आणि ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत बंद केलं, तर वाफ थंड झाकणाला आतून धरते, थेंब होतात, तेलात घुसळतात आणि तो दुधाळ थर जमतो. हेच आठवड्यामागून आठवडे. शिवाय उभ्या गाडीची पॅकिंगं सुकतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बुचाचं असतं. आपल्या दारच्या सुवासिक फुलांच्या बुचाचं नव्हे, पोर्तुगालकडच्या एका ओक झाडाच्या सालीचं, ज्याची बाटल्यांची बुचं करतात त्याचं. तेलाशी संबंध राहिला तर ते मऊ राहतं. नाही राहिला तर आक्रसतं, भेगाळतं. म्हणजे वडिलांची आठवण म्हणून ह्यांनी जे दर रविवारी इतक्या निगुतीनं केलं, त्यानंच गाडी खराब होत होती.

हे काही बोलले नाहीत. हातातलं फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं, पुन्हा उचललं.

मिस्त्रींनी मग आणखी एक गोष्ट दाखवली. इंजिनाच्या पोटात साचणारी हवा बाहेर पडायला एक नळी असते, ब्रीदर. ती काढून त्यांनी तोंडाजवळ धरून फुंकली, हवा जाईना. आत काळा चिखल. बाहेरचा रस्ता बंद झाला की आतला दाब जिथे पॅकिंग कमजोर तिथून तेल ढकलून वाट काढतो. माझं कुकरचं भोक! मी हे सांगितलं तर मिस्त्री हसले. म्हणाले, नळी साफ न करता नवं पॅकिंग घातलं असतं तर चार महिन्यांत पुन्हा गळलं असतं.

हिशेब असा निघाला. टॅपेट कव्हर आणि चेंबरचं पॅकिंग, ब्रीदरची साफसफाई, नवं तेल, मजुरी मिळून साडेचार हजारांच्या आत. मागचं सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, खर्च तिप्पट-चौपट, आणि तिथून गळतं ते रात्रीतून चार-पाच थेंब. हेड गॅस्केटला हात लावायचा नाही. “चांगलं बसलेलं हेड उगंच उकलू नये. अॅल्युमिनियमचं हाय ते, उतरवलं की फेसिंग करा, बोल्ट बदला, एकातून दुसरं निघते.” बोलून झाल्यावर पाना पुसत त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मात्र आमच्यापैकी कुणी कुणाला विचारलाच नव्हता. “पण गाडी चालवणार कोण? चालवणार नसाल तं पॅकिंग बदलून काय कराल जी? वर्षभरात पुन्हा सुकते. मंग विका, वाईट वाटून घेऊ नका.”

हे मान खाली घालून उभे. ह्यांना ती गाडी आवडते, पण चालवायला आवडत नाही. मामंजींच्या सीटवर बसलं की हात घट्ट होतात, असं हे नंतर मला म्हणाले. मी गॅरेजचा आणि बी.एड.चा हिशेब मनात करत होते. पंचवीसांचे साडेचार झाल्याचा आनंद मला झाला होता, खोटं कशाला बोलू? पण साडेचार हजारही अंगणात शोभेला घालवायचे का?

ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, “मला कुणी विचारलं का?”

आम्ही तिघंही वळलो. आणि मला एकदम आठवलं, मामंजी गेल्यावर वारसाचे कागद करताना गाडी आम्ही सासूबाईंच्याच नावावर केली होती. सही त्यांची, पुस्तकावर नाव त्यांचं. गाडीची मालकीण वर्षभर ओसरीवर बसून होती आणि आम्ही दोघं तिच्या गाडीवरून भांडत होतो.

“दर रविवारी तुम्ही ते इंजिन वाजवता,” त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, आता तरी कुणी म्हणेल, आई चल. आवाज ऐकून मी काय करू? मला मेहकरला जायचंय. एसटीच्या पायरीवर माझा गुडघा चढत नाही.”

मेहकर त्यांचं माहेर. तिथल्या शारंगधर बालाजीला मामंजी त्यांना वर्षातून एकदा या गाडीनं न्यायचे. इथून तासाभराचा रस्ता. दोन वर्षांत त्या गेल्या नव्हत्या आणि आम्हांला ते सुचलंही नव्हतं. भाड्याची गाडी करता आली असती, हे खरं. पण ती आम्ही केली नव्हती, हेही खरंच.

“मी चालवीन,” मी म्हटलं. म्हटल्यावर माझंच मला आश्चर्य वाटलं.

काम दोन दिवस चाललं. मी मुद्दाम शेजारी बसून पाहिलं. जुनं पॅकिंग पात्यानं खरवडून जागा आरशासारखी केली. टॅपेट कव्हरच्या पत्र्याला बोल्टांपाशी पोचे आले होते, कुणीतरी कधीतरी जोर लावून आवळलेलं. ते लाकडावर उलटं ठेवून हलक्या हातानं ठोकून सपाट केलं. नवं पॅकिंग बसवून बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. जोर लावला की बूच चेपून बाहेर येतं आणि फाटतं. गळतंय म्हणून आपण आणखी आवळतो आणि आणखी गळतं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्यांनी बदलायला लावल्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनी रबरं त्यानं लवकर खराब होतात, आणि पेट्रोलची गळती म्हणजे तेलाच्या गळतीसारखी थट्टा नव्हे, आग लागते. त्याचे वेगळे साडेसहाशे गेले. ते मी कुरकुर न करता दिले.

आता तुम्ही विचाराल, एवढ्यानं झालं का? नाही झालं. २०२७ साली गाडीची नोंदणी पुन्हा करायची आहे. पूर्वी त्याला सहाशे रुपये पडत. २०२२च्या एप्रिलपासून पाच हजार झाले आणि वीस वर्षांवरच्या मोटारींना २०२५ पासून दहा हजार. शिवाय हरित कर वेगळा. पन्नास वर्षांची झाली की तिला ‘विंटेज’ म्हणून मिरवता येईल, पण त्यासाठी २०३७ उजाडायला हवं आणि तशी नोंदणी केली की रोजच्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे २०२७ साली आम्हांला पुन्हा बसून ठरवावं लागेल, आणि तेव्हा कदाचित मीच ‘विका’ म्हणेन. ते तेव्हा. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज मात्र मी भरलाय.

पहिल्या दिवशी मी गाडी पिंगळाक्षी देवीपर्यंत नेली. आठवडी बाजाराचा दिवस टाळून, सकाळी सातला. पहिल्याच वळणावर गिअर टाकताना हॉर्न वाजला आणि कोपऱ्यावरचा चहावाला दचकून उभा राहिला. पुढच्या रविवारी मेहकर. सासूबाई पुढे बसल्या, मामंजी असताना बसायच्या तशाच, पिशवी मांडीवर घट्ट धरून. हे मागे, मुलीशेजारी. अर्ध्या वाटेत सोयाबीनच्या शेतापाशी मी थांबले, बॉनेट उघडून इंजिनाकडे पाहिलं, टॅपेट कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं. हे मागून म्हणाले, “थांबलीस कशाला? आई खोळंबलीय.” आवाजात राग होता, पण बऱ्याच दिवसांनी तो माझ्यावर होता, गाडीवर नव्हता.

मागच्या सिलातून अजून चार थेंब पडतात. त्यांच्याखाली मी जुनी, कान तुटलेली कढई ठेवलीय. आठवड्यानं ती ओतायची आठवण सासूबाई करतात.